आधी लॅपटॉपची बॅग, मग ट्रॉली

प्रश्न : कामानिमित्त मला महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने जावे लागते आणि दर वेळी दोन-तीन रात्रींचा मुक्काम असतो. माझ्या ट्रॉली बॅगेचे एक चाक निखळले आहे, शिवाय लॅपटॉपची बॅग एकाच खांद्याला अडकवून उजवा खांदा दुखू लागला आहे. नवी ट्रॉली चार चाकांची, कडक कवचाची घ्यावी की दोन चाकांची, कापडी? लॅपटॉपसाठी कोणती बॅग बरी? लॅपटॉप १५.६ इंची आहे आणि सोबत २०,००० एमएएचची पॉवर बँक असते.

उत्तर : आपण ट्रॉलीविषयी आधी आणि लॅपटॉपच्या बॅगेविषयी नंतर विचारले आहे. मी उत्तर उलट्या क्रमाने देतो, आणि खरेदीही त्याच क्रमाने करावी, असे सुचवतो. विमान भरलेले असले की डोक्यावरचे कप्पे लवकर संपतात आणि मागाहून चढणाऱ्यांच्या ट्रॉली दारातच काढून घेऊन खालच्या सामानकक्षात पाठवल्या जातात. लॅपटॉपची बॅग मात्र समोरच्या आसनाखाली सरकवता येत असल्याने ती सहसा आपल्याजवळच राहते. माझी ट्रॉली एकदा अशीच दारात गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी हाती आली, आणि लॅपटॉपचा चार्जर नेमका तिच्यात होता. सकाळच्या बैठकीत मी बंद पडलेला लॅपटॉप समोर ठेवून बसलो होतो. तेव्हापासून चार्जर, औषधे, कागदपत्रे आणि घडी घातलेला एक सदरा मी लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवतो. आपली बॅग एवढे सामान मावेल अशी हवी.

पॉवर बँकेची जागाही तीच. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात ठेवण्यास मनाई आहे, कारण बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात, खाली तिच्यापर्यंत कोणाला पोहोचता येत नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे हे माप) आहे. आपल्या २०,००० एमएएचला आतल्या लिथियम बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की ७४ वॉट-तास येतात, म्हणजे आपण मर्यादेच्या आत आहात. ट्रॉली दारात द्यावी लागली, तर तिच्यात अशी एखादी बॅटरी राहिलेली नाही ना, हे आधी पाहा.

खांदा दुखत असताना एका पट्ट्याची बॅग घेऊच नका. दोन्ही खांद्यांवर भार वाटणारी, रुंद पट्ट्यांची सॅक घ्या. दुकानात तिच्या लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन बोटे वर असायला हवा. तो थेट खालच्या कापडाला टेकत असेल, तर सॅक जमिनीवर ठेवताना बसणारा प्रत्येक दणका लॅपटॉपच्या कडेला लागेल. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे, लॅपटॉपच्या रुंदीचे नव्हे, आणि एकाच कर्णाच्या दोन लॅपटॉपांची बाहेरची मापे निराळी असू शकतात; म्हणून लेबलावर विसंबू नका, लॅपटॉप सोबत न्या. पाठीमागे ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायची आडवी पट्टी आहे का, तेही पाहा. आपल्यासाठी ती चैन नव्हे, गरज आहे.

आता ट्रॉली. अनेक विमान कंपन्यांची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर असते, काहींची ५५ × ४० × २०; म्हणून ५५ × ३५ × २० ची बॅग घेतली की दोन्हीकडे निभावते. हे माप चाके आणि मूठ धरून असते, त्यामुळे टेपने जमिनीपासून वरपर्यंत स्वतः मोजा. वजनाची मर्यादा पुष्कळ ठिकाणी ७ किलोची आहे, आणि काही कंपन्या ट्रॉली व सॅक मिळून तेवढेच वजन धरतात. रिकामी बॅगच साडेतीन किलोची असेल, तर निम्मा वाटा तिनेच खाल्लेला असतो. अडीच किलोच्या वर जाऊ नका. वरच्या कप्प्यात ती उचलून ठेवणार तो आपला दुखरा खांदाच आहे.

एरवी मी दोन चाकांच्या बाजूने आहे. ती चाके बॅगेच्या अंगात बसवलेली असतात, धक्के सोसतात, खडबडीत रस्त्यावर अडत नाहीत आणि आतली जागाही फारशी खात नाहीत. पण दोन चाकांची बॅग तिरकी करून ओढावी लागते आणि तिचा काही भार हातावर येतो. चार चाकांची बॅग उभीच, सॅक वर अडकवून शेजारून ढकलता येते. आपले चालणे मुख्यतः गुळगुळीत फरशीवर होत असेल, तर खांद्याकडे पाहून चारच चाकांची घ्या.

कवचाबद्दल थोडक्यात : कडक बॅग हवी असेल, तर पॉलिकार्बोनेटची पाहा, ते दाबले की वाकते आणि परत जागेवर येते, एबीएस हे दुसरे प्लास्टिक त्या मानाने लवकर तडकते. दोन-तीन रात्रींसाठी मला मात्र चांगल्या नायलॉनची कापडी बॅगच सोयीची वाटते, कारण तिला बाहेर कप्पा असतो आणि ती उघडायला पलंगभर जागा लागत नाही.

आपल्या जुन्या ट्रॉलीचा दांडा न डुगडुगता वर येत असेल आणि चेन शाबूत असेल, तर तिचे चाक स्क्रूने बसवले आहे की रिव्हेटने, हे आधी पाहा. स्क्रू असतील, तर बॅग दुरुस्त करणारा कारागीर चाक बदलून देऊ शकेल, आणि मग फक्त सॅकच घ्यावी लागेल.