'उत्क्रांती'तला 'उत्' : वर की बाहेर?

एका पालकांनी विचारलं आहे : दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. 'उत्' म्हणजे वर आणि 'क्रांती' म्हणजे उलथापालथ. सजीवांमधले बदल तर दरवेळी 'वर' नेणारे नसतात आणि एका झटक्यातही होत नाहीत. मग हा शब्द चुकीचा नाही का? त्यापेक्षा हिंदीतला 'विकास' बरा नाही का?

माझ्या मते 'उत्क्रांती' हा मराठीतल्या उत्तम पारिभाषिक शब्दांपैकी एक आहे आणि तो अजिबात बदलू नये. शंका मात्र रास्त आहे, कारण हा शब्द आपण वापरतो कसा, यात खरोखरच गडबड आहे.

आधी 'क्रांती' बघू. मूळ धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. क्रम, अनुक्रम, परिक्रमा, अतिक्रमण, संक्रमण हे सगळे त्याचेच. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन म्हणून त्रिविक्रम झाला. संक्रांत म्हणजे सूर्याने एका राशीतून दुसऱ्या राशीत टाकलेलं पाऊल. आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाला आपण आजही क्रांतिवृत्त म्हणतो आणि त्यात रक्तपात कुठेच नाही. राजवट उलथण्याचा अर्थ या शब्दाला पुष्कळ नंतर चिकटला. इंग्रजीतही तसंच झालं : 'रेव्होल्यूशन' हे कोपर्निकसच्या काळी ग्रहगोलांचं फिरणं होतं, राज्यक्रांती नंतरची. तेव्हा 'उत्क्रांती'मधली क्रांती 1857ची किंवा 1917ची नव्हे, पावलापावलाने जाणारी आहे. लाखो पिढ्यांमध्ये होत जाणाऱ्या बदलासाठी याहून नेमका धातू सापडणं अवघड.

आता 'उत्'. या उपसर्गाला 'वर' हा अर्थ आहेच : उन्नती, उत्थान, उड्डाण. पण 'बाहेर' हाही अर्थ तितकाच जुना आहे आणि मराठीत तो पावलोपावली भेटतो. उत्खनन म्हणजे खणून बाहेर काढणं, उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणं, उच्छ्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास. उद्गार तोंडातून बाहेर पडतो, आणि नदीचा उगम हा मुळात उद्गम, म्हणजे बाहेर येणंच.

'उत्क्रम्' या जोडीचे जुने प्रयोग पाहिले की हा दुसरा अर्थ किती ठसठशीत आहे ते कळतं. ज्यांच्या घरी गीतेचा पंधरावा अध्याय पाठ असतो त्यांनी आठवा श्लोक आठवावा : 'शरीरं यदवाप्नोति यच्चाप्युत्क्रामतीश्वरः'. जीव शरीर धारण करतो आणि ते सोडून निघून जातो, त्या निघून जाण्याला इथे 'उत्क्रामति' म्हटलं आहे. ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असं सूत्रच आहे, तिथेही उत्क्रांती म्हणजे जीवाचं देहाबाहेर पडणं. एखाद्या जुन्या वेदान्त्याच्या हाती हे दहावीचं पुस्तक दिलं असतं, तर धडा मरणाबद्दल आहे असंच त्याला वाटलं असतं!

सगळ्यात सुंदर प्रयोग प्रश्नोपनिषदात आहे. प्राण अभिमानाने उठून शरीराबाहेर निघू लागतो, तशी बाकीची इंद्रियंही त्याच्यामागे निघू लागतात. दाखला दिला आहे मधमाश्यांचा : मधुकरराजा निघाला की सगळ्या माश्या 'उत्क्रामन्ते', पोळं सोडून त्याच्यामागे जातात. (राणीमाशीला तेव्हा राजाच समजत.) प्राणाचं निघणं वरच्या दिशेने होतं हे सांगण्यासाठी तिथे 'ऊर्ध्वम्' हा शब्द मुद्दाम वेगळा घातला आहे, आणि माश्यांसाठी तो घातलेला नाही. एकट्या 'उत्क्रमणा'त 'असलेली जागा सोडून पाऊल बाहेर टाकणं' इतकंच आहे. सजीवांच्या बाबतीत हा अर्थ फार चपखल बसतो. एका जातीतून पिढ्यांमागून पिढ्या वेगळ्या होत जातात आणि मूळ जातीच्या चौकटीबाहेर पडतात. वर पडतात असं नाही.

'विकासा'ची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती कच्ची नाही. विकस् म्हणजे उमलणं, उलगडणं. उत्क्रांतीसाठी इंग्रजीत जो 'इव्होल्यूशन' शब्द आहे, त्याच्या लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थही गुंडाळी उलगडणं असाच आहे. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा तर 'विकास' अधिक जवळचा. पण खोटही तिथेच आहे. कळीत फूल आधीच असतं. डार्विनपूर्वी, अठराव्या शतकात, 'इव्होल्यूशन' हा शब्द ज्या मतासाठी वापरत ते असंच होतं : बीजात चिमुकला जीव आधीच पूर्ण तयार असतो आणि तो नुसता उलगडत मोठा होतो. डार्विनला म्हणायचं होतं ते याच्या अगदी उलट. त्याच्या सिद्धांतात पुढचं काहीही आधी ठरलेलं नाही. 1859 साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नामच नाही, अगदी शेवटचा शब्द तेवढा त्याच्या क्रियापदाचं रूप आहे. तो बोलतो ते बदलत जाणाऱ्या वंशपरंपरेबद्दल. ते नाम ग्रंथात आलं 1872च्या सहाव्या आवृत्तीत. शिवाय 'विकास' आपल्याला गर्भाच्या वाढीसाठी आणि बालविकासासाठी लागतोच, आणि आजच्या मराठीत तर विकास म्हटलं की रस्ते, पूल आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या डोळ्यांपुढे येतात. बंगालीत 'विवर्तन' म्हणतात, पण मराठी भौतिकशास्त्रात ते प्रकाशाच्या वळण्याला दिलेलं आहे, आणि वेदान्तात 'विवर्त' म्हणजे दोरीवर साप दिसावा तसा नुसता भासणारा बदल. सजीव खरोखर बदलतात, तेव्हा तोही नको. गुजरातीत मात्र आपल्यासारखाच 'उत्क्रांति' रूढ आहे.

गडबड होते ती इथे : 'उत्'मधल्या 'वर'च्या छटेमुळे आपण उत्क्रांतीची शिडी करून टाकली. 'अधिक उत्क्रांत प्राणी', 'उत्क्रांतीच्या सर्वोच्च पायरीवरचा माणूस' हे प्रयोग वर्तमानपत्रांत सर्रास दिसतात आणि मला ते खटकतात. सह्याद्रीत पावसाळ्यात माती उकरताना देवगांडूळ सापडतं. दिसायला गांडूळ, पण असतं बेडकाचं नातेवाईक : पाठीचा कणा असलेला, जबड्यात दात असलेला उभयचर. त्याच्या पूर्वजांना पाय होते. अमेरिकेत ॲरिझोनात सापडलेल्या ज्युरासिक काळातल्या त्याच्या आप्ताच्या जीवाश्मात ते छोटे पाय दिसतातही. मातीत घुसून राहणाऱ्यांना पायांचा उपयोग उरला नाही आणि पिढ्यांच्या ओघात पाय गेले. देवमासे चार पायांच्या जमिनीवरच्या प्राण्यांपासून सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी पाण्यात परतू लागले. यात वर कुठलं आणि खाली कुठलं? 'अवक्रांती' असा वेगळा शब्द काढायची काहीच गरज नाही, हीदेखील उत्क्रांतीच.

समाजाबद्दल लिहिताना ही शिडी जास्त घातक ठरते. लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाने 1877 साली सगळ्या मानवी समाजांना रानटी, अर्धरानटी आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवलं, आणि 'समाजाची उत्क्रांती' म्हणताना नकळत आपणही तेच करतो. 'आदिवासी अजून मागच्या टप्प्यावर आहेत' हे वाक्य तिथूनच येतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. 1400 ते 1000च्या सुमारास तिथले लोक ऐसपैस आयताकृती घरांत राहत, जव पिकवत, त्यांनी पाण्यासाठी कालवा आणि बांधही घातला होता. इ.स.पू. 1000नंतरच्या थरांत मात्र लहान गोल झोपड्या लागतात. शेती घटते, जनावरं राखणं आणि शिकार वाढते. हवामान कोरडं होत गेलं आणि माणसांनी जगण्याची रीत बदलली, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. शिडीच्या हिशेबाने ही माणसं 'खाली' आली असं म्हणावं लागेल, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. समाजांसाठी मी 'स्थित्यंतर' वापरतो. चांगला मुरलेला शब्द आहे आणि दिशेबद्दल काहीच गृहीत धरत नाही.

'ताऱ्यांची उत्क्रांती' रूढ आहे म्हणून चालवून घ्यावी. ताऱ्यांना वंशपरंपरा नसते, तिथे 'जीवनक्रम' जास्त बरा वाटतो.

वाक्यरचनेबद्दलही थोडं. 'माकडापासून माणूस झाला' यातल्या 'पासून'मुळे आज झाडावर दिसतं तेच माकड आपला पूर्वज, असं मुलांना वाटतं. चिंपांझी आपले चुलत भावंड आहेत. दोघांचे समाईक पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होते. 'माणूस आणि चिंपांझी एकाच पूर्वजापासून झाले' असं लिहिलं की तोच 'पासून' बरोबर बसतो. तसंच 'जिराफाने मान लांब केली' असं लिहू नये. एकटा जिराफ काही करत नाही. 'लांब मानेचे जिराफ टिकले, त्यांची संतती वाढली' असं लिहावं.

शेवटी शुद्धलेखन, कारण प्रश्नाच्या पत्रात दोन्ही रूपं आली आहेत. एकटा शब्द 'उत्क्रांती', दीर्घ. समासात पहिलं पद म्हणून आला की ऱ्हस्व : उत्क्रांतिवाद, उत्क्रांतिशास्त्र, जसं क्रांतिकारक किंवा क्रांतिवृत्त. आणि 'उत्क्रांतिवादा'तला 'वाद' म्हणजे भांडण किंवा वादग्रस्त मत नव्हे. अद्वैतवादात, सांख्यांच्या परिणामवादात तो ज्या अर्थाने येतो, त्याच अर्थाने, म्हणजे मांडलेला सिद्धांत.