तिखटाचा धंदा काढतेस, तर आधी हे बघ

अगं, तिखटाचा धंदा काढतेस हे ऐकून मनापासून बरं वाटलं. भाव मात्र गावातल्या दुकानाकडे बघून ठरवू नको. मिरची उन्हात वाळवली, देठं खुडली की वजन घटतं. पैसे तर आपण देठांचेही मोजलेले असतात. ती घट धर, दळणावळ, पिशवी, एसटीचं भाडं धर, आणि तुझी मजुरीसुद्धा. निंदणाला गेली असतीस तर जी रोजी मिळाली असती, तेवढी तरी लाव. बायका हीच मजुरी सोडतात, मग घरचे म्हणतात, हिच्या धंद्यात काही उरत नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मिरचीलाच लावता येतं; साधी मिरची त्या नावानं विकू नको.

बचत गटाचं कर्ज धंद्यातच घाल. जूनमध्ये बियाण्याला पैसे कमी पडले की सगळ्यांची नजर तुझ्याकडे वळेल. द्यायचे तर नफ्यातून दे, भांडवलातून नाही. खातं तुझ्या एकटीच्या नावाचं ठेव, ओटीपी येणारा मोबाइलही तुझाच हवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मोफत आहे; कोणी पैसे मागितले तर देऊ नको.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: धंदा सुरू झाला तरी स्वयंपाक, पाणी, जनावरं बाईच्याच अंगावर राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर जीव मेटाकुटीला येतो. पहिल्याच महिन्यात घरात बोल. सासूबाई देठं खुडतील, नवरा आठवडी बाजारात गोणी पोचवेल. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र तूच घे. उधारी वहीत लिहून तिथंच सही घे, घरचा जावई असला तरी.