डॉकिंगचा गुण आणि हळदीचा लेप

प्रश्न : हळदीतील कर्क्युमिन बुरशीनाशक असल्याचे संगणकाने सिद्ध केले, असे वाचले. मग नायट्यावर हळदीचा लेप पुरेसा नाही का?

उत्तर : संगणक सिद्ध काही करत नाही, तो केवळ चाळणी लावतो. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल घडवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत एखादा रेणू कितपत घट्ट बसेल, याचा अंदाज ‘डॉकिंग’ या संगणकीय पद्धतीने गुणांच्या (स्कोअरच्या) रूपात मिळतो. फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध त्याच खाचेतील हीम या लोहयुक्त घटकाच्या लोहाला आपल्या नायट्रोजनने धरून ठेवते, म्हणून तुलनेला बहुधा तेच घेतात. रेणू मोठा असला की हा गुण बऱ्याचदा उगाच फुगतो. त्यातही कर्क्युमिन चाचण्यांना चकवण्याबद्दल, म्हणजे नसलेला परिणाम भासवण्याबद्दल, बदनाम आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बुरशीची वाढ थांबवणारी किमान मात्रा प्रयोगशाळेतच मोजावी लागते. नायटा मात्र त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावा.