रेडिसची मेमरी दुप्पट केली तरी हिट रेशो हलत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रेडिस (डेटाबेसच्या पुढे बसून नेहमी लागणारी उत्तरं मेमरीत ठेवणारी कॅश) क्लस्टर सहा नोडचं म्हणजे सहा सर्व्हरचं आहे, हिट रेशो (मागितलेलं कॅशमध्ये सापडलं तर हिट, नाही तर मिस) ६८ टक्क्यांवर अडकलाय, मॅनेजरला ९५ पाहिजे, मेमरी दुप्पट करून बघितली आणि काटा जागचा हलला नाही. मी याच फेऱ्यातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेमरी वाढवून फरक पडला नाही हीच तुमच्याकडची सगळ्यात कामाची माहिती आहे. प्रत्येक नोडवर 'इन्फो स्टॅट्स' मारा (ही कमांड फक्त त्या एका नोडचं सांगते, सहाही वेगवेगळे बघावे लागतात) आणि 'एव्हिक्टेड कीज' चा (जागा करायला रेडिसने काढून टाकलेल्या नोंदींचा) आकडा बघा. तो दिवसभरात वाढतच नसेल तर रेडिस जागेअभावी काही फेकतच नाहीये, मग जागा दुप्पट करा नाहीतर चौपट, अर्ध्या रिकाम्या गोदामाला अजून एक गोदाम जोडून काय मिळणार? फक्त मॅक्समेमरी पॉलिसी (मेमरी भरली की काय करायचं तो नियम) पण बघून घ्या, कारण डीफॉल्ट 'नोएव्हिक्शन' असते आणि तेव्हा हा आकडा शून्यच दिसतो, जागा संपली की उलट लिहिणं फेल होतं, आणि कोणी ती एरर कोडमध्ये गुपचूप गिळून टाकली असेल तर बसा शोधत.

आता तो ६८ नक्की कशाचा? रेडिसचे हिट-मिसचे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात, त्यामुळे काल आणि आज यांची वजाबाकी करा, नुसता आकडा बघू नका. शिवाय त्यात सगळी खिचडी असते. 'हे पेमेंट आधी प्रोसेस झालंय का' म्हणून तुम्ही रेडिसला विचारता आणि 'नाही' येतं, ते रेडिसच्या हिशोबात मिस, पण तुमच्यासाठी ते बरोबर उत्तर आहे ना. म्हणून हिट-मिस स्वतःच्या कोडमध्ये, की च्या (नोंदीच्या नावाच्या) प्रीफिक्सप्रमाणे, म्हणजे सुरुवातीच्या भागाप्रमाणे, मोजा. (मराठीत टाइप करताना या 'की' ने फार पंचाईत होते, समजून घ्या.) आमच्याकडे हे केल्यावर कळलं की प्रॉडक्टचा अर्धा भाग मस्त चाललाय आणि सगळा घोळ एकाच प्रीफिक्समध्ये आहे.

मग त्या प्रीफिक्सचे मिस कशामुळे येतात ते शोधायचं. ही की आधी कधी लिहिलीच नव्हती, की लिहिली होती पण टीटीएल (नोंद किती वेळ ठेवायची ती मुदत) संपला, की टीटीएल शिल्लक असताना गायब झाली, म्हणजे एकतर एव्हिक्ट झाली नाहीतर आपल्याच कोणीतरी डिलीट मारली. यासाठी सगळं लॉग करायची गरज नाही, शंभरातलं एक पुरे, पण सँपल कसं घेता ते महत्त्वाचं. रँडम रिक्वेस्ट उचलल्या तर एकाच की च्या दोन रिक्वेस्ट लागोपाठ हातात येणारच नाहीत आणि सगळंच 'नवीन' दिसेल. की चा हॅश (नावावरून काढलेला ठरावीक आकडा) काढा, त्याला १०० ने भागून बाकी शून्य येते तेवढ्या कीज घ्या, पण त्यांच्या सगळ्या रिक्वेस्ट घ्या. मी पहिल्यांदा रँडमच केलं होतं, दोन दिवस भलत्याच ग्राफकडे बघत बसलो होतो.

आमची गोष्ट सांगतो. मी तेव्हा बसची तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीत होतो, नाव नको. सर्चचा रिझल्ट रेडिसमध्ये, आणि मिस बघितले तर बहुतेक 'आधी कधी लिहिलीच नव्हती' वाले. असं कसं, लोक तर रोज तेच पुणे-कोल्हापूर नि मुंबई-नाशिक शोधतात! तर कोणा महाभागाने आख्खी यूआरएलच की म्हणून वापरली होती. म्हणजे आधी एसी मग स्लीपर टिक केलं तर एक की, आधी स्लीपर मग एसी केलं तर दुसरी, जाहिरातीतून आलेल्या माणसाच्या लिंकला यूटीएमचं (कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगणारं) शेपूट असतं त्याची तिसरी, आणि कहर म्हणजे लॉगिन असेल तर युझर आयडी पण त्यात, कारण कोणालातरी कधीकाळी कूपनची सवलत दाखवायची होती. एकच बस, पन्नास कीज. आम्ही काय केलं, की मध्ये फक्त कुठून-कुठे-तारीख ठेवली, ती पण शहराच्या आयडीने, नावाने नाही (पूना, पुणे, पुणे स्टेशन हे प्रकरण वेगळंच). फिल्टर आणि सॉर्ट ॲपमध्ये मेमरीत करायला लागलो, तीस-चाळीस बसेसची यादी गाळायला किती वेळ लागतो? आणि सवलत वेगळ्या छोट्या की मध्ये टाकली. हिट रेशोत सगळ्यात मोठी उडी याने आली, रेडिसच्या कॉन्फिगला हातसुद्धा न लावता.

पण तरी एक मिसचा थर उरला होता, तेच रूट, परत परत मिस. शेवटी एक ओळ सापडली, 'इफ रिझल्ट' असेल तरच कॅशमध्ये टाका. पायथॉन होतं, आणि पायथॉनमध्ये रिकामी लिस्ट म्हणजे फॉल्स. ज्या रूटवर त्या दिवशी एकही बस नाही त्याचं उत्तर कधी कॅशच होत नव्हतं, आणि लोक (आणि भाव चोरायला येणारे बॉट) तेच रूट दिवसभर विचारत होते. 'काही नाही' हे पण उत्तर असतं, ते पण ठेवा, फक्त टीटीएल कमी द्या, नाहीतर नवीन बस लागली तरी दिसणार नाही.

बॉटवरून आठवलं, ते प्रत्येक रूट गुणिले प्रत्येक तारीख असं चाळून जातात आणि अशा कीज परत कोणी विचारत नाही. अकामाईवाल्यांनी (वेबसाइटचा मजकूर जगभर कॅश करून पोहोचवणारी कंपनी) २०१५ मध्ये लिहिलंय की त्यांच्या एका क्लस्टरवर सुमारे तीन चतुर्थांश वस्तू एकदाच मागितल्या गेल्या होत्या, म्हणून ते दुसऱ्यांदा मागणी आली तरच डिस्कवर ठेवतात. तुमच्याकडे एव्हिक्शन खरंच होत असतील तर रेडिस ४.० पासून 'ऑलकीज-एलएफयू' पॉलिसी (सगळ्यात कमी वेळा मागितलेल्या कीज आधी काढणारी) आहे ती लावून बघा, एकदाच येणाऱ्या पाहुण्यांमुळे रोजची मंडळी बाहेर जायची थांबतात. एव्हिक्शन नसतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

टीटीएल संपल्यामुळे मिस येत असतील तर आधी विचारा की पाच मिनिटं हा आकडा कोणी ठरवला. बहुतेक वेळा कोणीच नाही, कॉपी-पेस्ट असतो. बसचं वेळापत्रक दिवसभर ठेवून बदल झाला की डिलीट मारणं चालतं, शिल्लक सीट मात्र मिनिटापेक्षा जास्त नको, म्हणून या दोन गोष्टी एका की मध्ये कोंबायच्याच नाहीत. टीटीएलमध्ये दहा-वीस टक्के वरखाली रँडम टाका, नाहीतर एकत्र भरलेल्या कीज एकत्रच मरतात. आणि गर्दीची की मेली की शंभर सर्व्हर एकदम डेटाबेसवर तुटून पडतात, त्यासाठी एकालाच आणायला पाठवायचं, बाकीच्यांनी थांबायचं किंवा जुनं दाखवायचं. फेसबुकने मेमकॅशसाठी (त्यांची रेडिससारखीच कॅश) हेच 'लीज' म्हणून केलं, २०१३ च्या त्यांच्या पेपरमध्ये अशा कीजसाठी डेटाबेसच्या क्वेरी पीकला सेकंदाला १७ हजारवरून १,३०० वर आल्याचं दिलंय.

नोडचं वाटप हा तुमचा प्रॉब्लेम नसावा. क्लस्टरमध्ये १६,३८४ स्लॉट (कीज वाटून ठेवायचे खण) असतात आणि नोड वाढवला की स्लॉट डेटासकट सरकवले जातात. क्लायंटमध्ये हॅशला नोडसंख्येने भागून बाकीवरून नोड ठरवणाऱ्यांचे हाल होतात, चाराचे पाच नोड केले की ८० टक्के कीज पत्ता बदलतात.

९५ च्या मागे लागण्याआधी एक गोष्ट मॅनेजरला दाखवा. ९० चे ९५ झाले काय किंवा ९८ चे ९९ झाले काय, दोन्हीकडे डेटाबेसवरचा लोड अर्धाच होतो. आणि हिट रेशो उत्तम असूनही मार बसतो. गणपतीच्या आधी मुंबई-सावंतवाडी, एकच तारीख, सगळे हिट, पण ती की एकाच नोडवर, तो नोड घामाघूम नि बाकीचे आरामात. तिथे आम्ही ॲपच्या मेमरीतच दोन-तीन सेकंदांची छोटी कॅश ठेवली होती.

आणि हो, की चा फॉरमॅट बदलाल त्या क्षणी त्या प्रीफिक्सची आख्खी कॅश थंड होते, हिट रेशो थेट शून्यावरून सुरू होतो. आम्ही हे पहिल्यांदा शुक्रवारी संध्याकाळी केलं होतं. तुम्ही पहाटे करा, आधी पाच टक्के ट्रॅफिकवर, आणि डेटाबेसवाल्यांना सांगून.