सिस्टरला विचारा : कार्डातून नाव कमी झालं, आता डायलिसिसचं काय?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माह्या मालकाचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्स झालं. हप्त्यातून दोनदा अमरावतीले जातो. फुले योजनेतून फुकट होत होतं. दिवाळीत सासऱ्यापासून वेगळे निंगालो, रेशन कार्डातून आमचे नावं कमी केले, नव्या कार्डाचा अर्ज तहसीलले पडून हाये. आता दवाखान्यातला पोरगा म्हनते, कार्ड ऑनलाइन दिसत नाही, पैसे भरा नाही तं येऊ नका. किटचे म्हनून दर खेपेले चारशे रुपये तं आधीपासूनच घेतात, पावती देत नाही. गावात म्हनतात का योजनाच बंद होऊन रायली. तीन एकर कोरडवाहू हाये, त्यातलं एखांदं इकाव का?
— एक बहीण, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, वावर विकू नका. आणि कार्डाचा घोळ मिटेपर्यंत एकही खेप चुकवू नका. खेप चुकली की अंगात पाणी साठतं, धाप लागते, ते निदान दिसतं तरी. रक्तातलं पोटॅशियम चढलेलं मात्र पेशंटला कळतही नाही आणि हृदय थेट बंद पडू शकतं. खाजगीत अडवलं तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांचं डायलिसिस मोफत होतं. तिथं रांग असते, म्हणून अडवण्याची वाट न पाहता नंबर आत्ताच लावून ठेवा. जाताना हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा ताजा रिपोर्ट न्या. त्यावरून पेशंटला कोणत्या मशीनवर घ्यायचं ते ठरतं, आणि रिपोर्ट नसला की अर्धा दिवस तिथंच जातो. मागच्या खेपेचा कागदही घ्या. त्यावर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, लिहिलेलं असतं. त्यावरून किती पाणी काढायचं ते नव्या सिस्टरला कळतं.

योजना बंद झालेली नाही. २०१२ मध्ये ती पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं अमरावती आणि गडचिरोली होतं. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ मध्ये महात्मा फुले झालं, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडली. दर वेळी पाटी बदलली की पारावर ‘बंद झाली’ ही बातमी फिरते, आणि या बातमीचा फायदा कोण घेतं हे तुम्हाला काउंटरवर दिसलंच आहे.

उलट १ जुलै २०२४ पासून ती वाढली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख. आधी पांढरं कार्ड चालायचं ते फक्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं, त्यात विदर्भातले अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा. आता पिवळं, केशरी, पांढरं, सगळी कार्डं चालतात. रंगाचं भांडण मिटलं, नावाचं उरलं.

आणि नाव तुटतं ते मुंबईत नाही, आपल्याच तहसीलमध्ये तुटतं. घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर चूल खुशाल वेगळी करा, पण जुन्या कार्डातून नाव कमी करण्याचा आणि नव्या कार्डाचा अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्या. तुमचं ते होऊन गेलं. आता पुरवठा विभागात तहसीलदारांच्या नावानं अर्ज द्या, ‘पती डायलिसिसवर, उपचार थांबण्याचा धोका’ असं पहिल्याच ओळीत लिहा, दवाखान्याचा कागद जोडा आणि पोच घ्या. छापील कार्ड मागाहून येऊ द्या, तुम्हाला बारा अंकी नंबर ऑनलाइन चढलेला हवा आहे. तोवर सेतूतून अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज टाका. रेशन कार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेलं कुटुंब पात्र, असंच सरकारनं ठरवलंय. मालकाचं आयुष्मान कार्ड आधीच निघालेलं असेल तर तेही आरोग्यमित्रापुढे, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसापुढे, ठेवा.

नवीन कार्डावर नाव चढवताना आधार शेजारी धरा. आधारवर ज्ञानेश्वर आणि रेशन कार्डावर ग्यानेश्वर, एवढ्यावर माणसं परत पाठवलेली मी पाहिली आहेत. शिवाय कापूस वेचून बोटं फाटलेली असली की मशीनवर अंगठा उठत नाही. आधारला मोबाइल नंबर जोडून ठेवा, ओटीपीवर केवायसी होते.

चारशे रुपयांचं सांगते. योजना कॅशलेस आहे. योजनेतल्या पेशंटकडून किटचे म्हणून वेगळे पैसे घेताच येत नाहीत. पुढच्या खेपेला फक्त पक्की पावती मागा. पावती म्हटलं की काउंटरवरचा आवाज खाली येतो, हा माझा नोकरीतला अनुभव. नाहीच आला तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. हे करताना ‘उद्या मशीन देणार नाहीत’ अशी भीती वाटते, ती खोटी नाही. म्हणून तर सरकारीत नंबर आधी लावायला सांगितला.

पाच लाख अख्ख्या कार्डाचे असतात, एकट्या पेशंटचे नाहीत. सासरे सत्तरीपुढचे असतील तर त्यांचं आयुष्मान भारतमधलं वय वंदना कार्ड काढून द्या. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना त्यांचे वेगळे पाच लाख मिळतात. वेगळे निघाला असलात तरी तेवढं करा, पुढं एकाच कार्डावर याल तेव्हा अडणार नाही.

आणि एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे. दवाखान्याचा दाखला घेऊन आगारात चौकशी करा. तुमचं तिकीट अर्धं आहेच.

प्रश्न : आई मला किडनी द्यायला तयार आहे. योजनेतून होईल का?
— वाचक, बाळापूर

उत्तर : होईल. रोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. आई जवळची नातेवाईक, त्यामुळे १९९४ च्या कायद्यानं कागदपत्रं सोपी जातात. पण ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एक विचारा, नंतरच्या गोळ्या योजनेतून किती महिने मिळणार? त्या गोळ्या जन्मभराच्या असतात. अमेरिकेनं १९७२ सालीच किडनी निकामी झालेल्यांना सरकारी विम्यात घेतलं, पण पासष्टच्या आतल्या माणसाचा विमा रोपणानंतर ३६ महिन्यांनी संपायचा. गोळ्या परवडेनात, बसवलेली किडनी जायची आणि माणूस पुन्हा डायलिसिसवर, त्याचा खर्च मात्र सरकार द्यायला तयार! तिथंही निव्वळ गोळ्यांसाठीचा विमा २०२३ मध्ये सुरू झाला. आपल्या आमदारांना निवेदन द्यायचंच असेल तर गोळ्यांचं द्या, सभामंडपाचं नंतर. तुम्ही तूर्त त्या गोळ्यांची नावं आणि महिन्याचा खर्च डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. किडनीची तपासणी कुठं करावी?
— वाचक, संग्रामपूर तालुका

उत्तर : ग्रामीण रुग्णालयात. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, सोबत बीपी आणि शुगर. बीपी किंवा शुगर असेल तर दरवर्षी. आणि निंदणाच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणून खाता ना, त्यातल्या काही किडनीला बाधतात; त्या कोणत्या ते डॉक्टरांना पाकीट दाखवून सांगा.