जागेवरून आलेल्या नावाचं मूळ कसं तपासायचं?

तुमचे प्रश्न दोन: जागांना नावं कशी पडतात, आणि मुलीचं नाव जागेवरून ठेवायचं तर त्याचं मूळ कसं पारखायचं.

पहिल्याचं उत्तर संस्कृत व्याकरणकार पाणिनीने लागोपाठच्या चार सूत्रांत देऊन ठेवलंय (अष्टाध्यायी ४.२.६७ ते ७०). तिथे काय आहे, कोणी वसवलं, कोण राहतं आणि जवळ काय आहे. उंबर असलेला प्रदेश औदुंबर, कुशांबाने वसवलेली कौशांबी, शिबी लोकांचा शैब, विदिशेजवळचं वैदिश. आपल्याकडचीच नव्हे, जगातली बरीच स्थलनामं या चार खणांत बसतात. पॅरिस हे परिसी टोळीवरून आलं, म्हणजे तिसरा खण. ट्रॉयच्या गोष्टीतला राजपुत्र पॅरिस याच्याशी त्याचा काही संबंध नाही, नुसता उच्चार जुळतो. अशा जुळण्या फार फसवतात.

खणांत न बसणारी नावं म्हणजे वरिष्ठाच्या सन्मानार्थ दिलेली. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला १७८८ मध्ये सिडनी हे नाव मिळालं ते ब्रिटिश गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्यावरून. म्हणजे आज कोणी शहर आवडतं म्हणून मुलीला सिडनी म्हणत असेल, तर ते नाव आडनावावरून पदवीत, पदवीवरून शहरात आणि शहरावरून पाळण्यात आलेलं असतं. फ्रान्समधल्या लॉरेन प्रदेशाचंही तेच. लोथार या राजाचं राज्य ते लोथारिंजिया, त्याचं झिजून लॉरेन झालं आणि पुढे ते मुलींचं नाव बनलं. म्हणून सगळ्यात आधी बघायचं ते हे की बाण कुठून कुठे जातो.

त्यासाठी आजचं रूप बाजूला ठेवा आणि सर्वांत जुना लिखित उल्लेख शोधा: शिलालेख, ताम्रपट, जुने नकाशे, गॅझेटियर. आजच्या रूपाची फोड करत बसलात की हमखास चुकता. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, असं सांगतात; शिलालेखांत मात्र सोन्नलगे असं नाव येतं. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन हे ‘ब्रुक’ आणि ‘लिन’ जोडून झालेलं वाटतं, पण ते नेदरलँड्समधल्या ब्रॉकेलेन गावाचं नाव, डच वसाहतवाल्यांनी सोबत नेलेलं.

मग मधला माणूस शोधा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२० मध्ये फ्लॉरेन्सला झाला, म्हणून ते नाव. तिच्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, तर तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव, पार्थेनोपी. पण त्यानंतर घरोघरी झालेल्या फ्लॉरेन्स बहुतेक त्या परिचारिकेवरून, शहरावरून नाही. पार्थेनोपी मात्र कोणी उचललं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे!

संस्कृत वळणाचं नाव हवं असेल तर पहिल्या स्वराची वृद्धी सांभाळा: अ चा आ, इ चा ऐ, उ आणि ओ चा औ. गंधारची गांधारी, पंचालांची पांचाली, मद्रांची माद्री, विदेहाची वैदेही, मिथिलेची मैथिली, विदर्भाची वैदर्भी, कोसलची कौसल्या. नुसता शेवटी ई चिकटवून ‘विदर्भी’ केलंत तर जाणकाराला ते लगेच खटकेल. जानकी या यादीत येत नाही, ते जनकावरून, म्हणजे बापावरून. शिवाय यातली बरीच नावं मुळात लोकसमूहाची; देशाला तेच नाव नंतर चिकटलं, त्यामुळे ‘जागेवरून’ हा शब्द जरा सैलच घ्या.

वृद्धीलाही अपवाद आहेत. अवंती, कुंती आणि कुरू या तिघांच्या स्त्रीलिंगी रूपात ज्या प्रत्ययामुळे ही वृद्धी होते त्याचाच लोप होतो, असं पाणिनी वेगळं सूत्र करून सांगतो. म्हणून राजकन्या ‘कौंती’ न होता कुंतीच राहते, आणि अवंती ठेवायचं असेल तर ‘आवंती’ करायची गरज नाही.