छोट्या विद्यापीठात समान संधी केंद्राची जबाबदारी आली आहे; सुरुवात कुठून करू?

पोस्टर-व्याख्यानं राहू द्या, आधी खोली, मेस आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रं हातात घ्या. मी पुण्यात विद्यार्थी कल्याणाचं काम बघते. बाहेरगावच्या मुलांचं घोडं बहुतेकदा इथेच अडतं. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, पुण्यात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत. पात्र मुलांना ती ठाऊकच नसते, किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर गाडी थांबते. तेव्हा प्रवेशाच्याच आठवड्यात एक टेबल मांडा.

दुसरं काम तक्रारींचं. यूजीसीच्या २०१२च्या समता नियमांनुसार भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रारीवर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पण छोट्या विद्यापीठात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडे तक्रारपेटीची किल्ली नको. नाहीतर पेटी रिकामीच राहते आणि अहवालात 'तक्रारी शून्य' असं छापून येतं!

एक मात्र बघा: खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना राज्याच्या काही योजना लागू होत नाहीत. मुलांना शब्द देण्याआधी त्या योजनेचा शासन निर्णय वाचा.